मारोतीला मदत करू नका

५ जानेवारी, सोमवार

पुन्हा केक. औंढ्यातल्याच कुणा व्यापाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस, तो ‘विशेष लेकरांसोबत’ साजरा करायचा होता म्हणे. आमच्या केंद्रातलं सगळ्यात लहान लेकरू सव्वीस वर्षांचं आहे आणि सगळ्यात मोठ्याची दाढी पांढरी झालीय. बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं दिवसाचं केंद्र, असं दारावर ठळक लिहून ठेवलंय. ‘प्रौढ’ला लाल रंग दिलाय. वाचतो कोण. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, फोटो काढले, क्रीम सांडलं, गेले. फरशी मी आणि मदतनीस रेखानं पुसली.

त्या गडबडीत गयाबाई कोपऱ्यात गप्प बसून होत्या. मारोतीची आई. सिद्धेश्वरकडच्या गावाहून रोज त्याला एसटीनं घेऊन येतात, दिवसभर आमच्या ओट्यावर बसतात, संध्याकाळी परत नेतात. दोन वर्षं हेच. आज निघताना म्हणाल्या, गुडघे पार गेले, उद्यापासून येणं होणार नाही. मग मारोती? तर तोही घरी. भाजी संपली, उद्या मिळणार नाही, तसं सांगितलं आणि निघाल्या.

६ जानेवारी, मंगळवार

मारोती आला नाही. त्याच्या चटया आज कुणी गुंडाळल्या नाहीत. ते काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही, आणि आज बाकीचेही त्याची वाट बघत चटयांवर बसून राहिले. शेवटी मीच ओरडले सगळ्यांना.

सदतीस वर्षांचा माणूस. इथं यायच्या आधी घरात भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. जेवण समोर ठेवलं तर जेवायचा, नाहीतर नाही. कपाळावर भिंतीला डोकं आपटल्याचा वण आहे अजून. इथं आल्यावर सहा महिन्यांनी पहिल्यांदा हसला तेव्हा रेखा रडली होती. आणि आता गुडघ्यांपायी सगळं पाण्यात.

दुपारी त्याच्या भावाला, दत्ताला फोन. दत्ताचा शेळ्या-बकऱ्यांचा धंदा, आज या बाजारात तर उद्या त्या. मागं सतत बें बें चालू. म्हणाला, “लातूरकडं एक जागा पाहून राहिलो ताई. कायमची राहण्याची सोय हाय. आई हाय तवर ठीक, मग कोन पाहणार?” त्याचंही चूक नाही, हेच तर डोक्यात जातं. चूक असती तर भांडले असते.

तरी भांडलेच. शेवटी एवढं कबूल केलं त्यानं: मारोतीला एकट्याला एसटीनं येता-जाता आलं तर राहू द्यायचं. नाहीतर फेब्रुवारी सरला की तो त्याला लातूरला नेणार.

एकट्याला. मी हो म्हणून बसले.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी स्कूटीनं त्याच्या गावी, स्कूटी गयाबाईंच्या अंगणात लावली, मारोतीबरोबर बसनं औंढा. संध्याकाळी पुन्हा बसनं त्याच्याबरोबर गाव, तिथून स्कूटीनं घरी. कंबर गेली कामातून.

बरं, मारोतीला काही शिकवू देतील तर ना. बसमध्ये पाऊल टाकलं की अख्खी बस त्याची मावशी. एकीनं खिडकी दिली, दुसरीनं त्याची पिशवी मांडीवर घेतली, तिसरीनं बोरं. कंडक्टर वैशाली, तिनं तर हाताला धरून बसवलं. स्टँड यायच्या आधी एका म्हाताऱ्याला पुण्य कमवायची हुक्की आली. “चल बाळा, नागनाथाचं दर्शन करवतो,” म्हणून कमानीपाशीच उतरवलं. म्हातारा पुढं, हात धरलेलं सदतीस वर्षांचं बाळ मागं, आणि त्याच्यामागं बॅग सांभाळत पळणारी मी. तोवर कुणीतरी बाळाच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवलेला. बाळ खूश.

मी म्हटलं, बाबा, त्याला बसमधून उतरायला शिकवतेय. म्हातारा म्हणाला, मग उतरवलं की मी.

१२ जानेवारी, सोमवार

स्टँडवर परतीची बस ओळखायला शिकवणं चालू. पाटी वाचता येत नाही. पण त्याच्या गावाची बस कायम निळ्या रंगाच्या खांबाशी लागते. तर खांब शिकवला. खांब, बस, चढ. खांब, बस, चढ. मारोतीला खांब कळला. पण खांबापर्यंत पोचणार कसा? वाटेत गफूरचाचांची चहाची टपरी. “अरे मारोती सेठ, आव आव!” की हा तिकडं. पुढं बेलफुलं विकणारी मंदाबाई. “मारोती, इकडं ये, हे धर.” की हा तिकडं. कुणी बोललं की तो तोंड भरून हसतो आणि त्याच माणसाकडं बघत उभा राहतो. बस सुटली तरी चालेल. आज सुटलीच. दुसरी यायला दीड तास. त्या दीड तासात चाचांनी मला तीनदा चहा पाजला आणि मारोतीला कसं समजावून सांगावं यावर व्याख्यान दिलं.

एवढी माया असलेलं गाव जगात दुसरं नसेल. डोकं उठलं या मायेनं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगुळाचा डबा घेऊन सकाळीच स्टँडवर. आधी चाचा, मग मंदाबाई, मग बस आल्यावर वैशाली. प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सांगितलं, मारोतीला मदत करू नका. हात धरू नका, जागा देऊ नका, बस दाखवू नका. चाचा कपबशा विसळायचे थांबले. “भूले को रास्ता दिखाना भी बंद, मॅडम?” म्हटलं, हो, बंद. तुम्ही दाखवलात तर तो बघणार कधी? लातूरचं सांगितलं. एकट्याला जमलं नाही तर कायमचा जाईल, हे सांगितलं. मग ऐकलं त्यांनी.

आणि बोलूही नका थोडे दिवस, म्हटलं. बोललात की त्याचं ध्यान उडतं.

मंदाबाई हसायला लागली. “तिळगूळ देऊन बोलू नका म्हननाऱ्या तुमी पैल्याच बघा.” मी हात जोडले. खरंच जोडले, भर स्टँडात, दोघांपुढं. वैशालीला तर ड्यूटीवर असताना पुन्हा जोडले. तिनं जरा तोंड वाकडं केलं, पण बरं म्हणाली. नेहमीच्या पाशिंजरांनाही सांगते म्हणाली.

२० जानेवारी, मंगळवार

चमत्कार. अक्षरशः चमत्कार. कुणी काही करत नाही. मी बसमध्ये मागच्या सीटवर, मारोती पुढं. मावशा खिडकीबाहेर बघतात. वैशाली पास बघते आणि पुढं सरकते. मंदाबाई तो दिसला की परडीत डोकं घालते. चाचा पाठ करून उभे राहतात, एवढे की गिऱ्हाईक ओरडतं चहा कुठाय म्हणून.

मारोती सरळ खांबाशी गेला. बस आली. चढला.

माणसं सांगितलं तर ऐकतात तर. एवढी वर्षं मी उगाच आदळआपट करत होते.

२८ जानेवारी, बुधवार

आला. एकटा. गावाकडून एकटा चढला, स्टँडात उतरला, मागच्या गल्लीतून केंद्रापर्यंत एकटा आला. मी केंद्राच्या दारात पाय मोडेपर्यंत उभी. तो वळणावर दिसला तेव्हा मला रडायला आलं, आणि ते लपवायला मी रेखावर खेकसले की पाण्याचा माठ का भरला नाही. माठ भरलेला होता.

संध्याकाळी एकटा परत गेला. गयाबाईंचा फोन, “आलं लेकरू. बराबर आलं.” मी दत्ताला फोन लावला. बाजारात होता. बरं, म्हणाला. एवढंच? म्हटलं, पुन्हा म्हण. “बरं झालं ताई,” म्हणाला.

रात्री स्वतःसाठी शिरा केला. आज मी कुणाचं ऐकणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

वरून ऑनलाइन प्रशिक्षण. ‘दिव्यांग प्रौढांचं भावनिक स्वास्थ्य.’ अर्धा वेळ आवाज नाही, उरलेला अर्धा वेळ चित्र नाही. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या असाव्यात. हसरं तोंड, रडकं तोंड, रागीट तोंड असे तक्ते करा, सभासदांना रोज विचारा, म्हणाल्या. केले रेखानं. सगळ्यांनी हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं, कारण त्याला तिनं लाल गाल काढले होते. मारोतीनं कशावरच ठेवलं नाही. तक्ता उलटा करून ठेवला आणि जाऊन बसला.

रोज येतो मात्र. एकदाही चुकला नाही. बसमध्ये शिकलेलं डोक्यात घोकत असणार, म्हणून गप्प असतो. चटया आज दुसऱ्याच सभासदानं, गणपतनं गुंडाळल्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गयाबाई फोनवर. जेवत नाही म्हणतात, भाकरी कुस्करतो आणि शेळीला घालतो. मी म्हटलं, आईची सवय मोडतेय, थोडे दिवस लागतील. माझं मलाच जरा शहाणपणाचं वाटलं. प्रशिक्षणाचा परिणाम.

दत्ता स्वतःहून बोलला आज. लातूरवाल्यांना अजून हो म्हटलं नाही, म्हणाला. असंच चाललं तर कशाला. मी फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिले. रेखानं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, नुसतीच बसलेय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रविवारी महाशिवरात्र. आत्ताच पाय ठेवायला जागा नाही. गर्दीमुळं पुढचे काही दिवस बसगाड्या स्टँडात येणार नाहीत, बाहेरच्या मोकळ्या मैदानात थांबणार. म्हणजे निळा खांब नाही.

दुपारी मारोतीला नेऊन मैदान दाखवलं. तिथं विजेचा खांब आहे, त्याच्याजवळ तुझी गाडी. तीनदा दाखवलं. मान हलवली. तू चुकलास तर काय करायचं? “जागचं हालायचं न्हाई. ताई येते.” शाबास.

सोमवारी मी स्वतः जाते त्याच्यासोबत मैदानापर्यंत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फळवाटप. नेमकं सुटायच्या वेळेला. माळा घातलेली माणसं, केळी, सफरचंद, भाषण. दोघा-चौघांना बसवून ठेवा मॅडम, फोटोत पाहिजेत. मी अडकले. मारोती म्हणाला, जातो. मी म्हटलं, जा, विजेचा खांब.

गयाबाईंचा फोन. पोचला नाही.

मैदानात नाही. स्टँडात नाही. देवळात, घाटावर, धर्मशाळेत नाही.

दत्ता निघालाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सापडला. वसमतला. काल रात्री उशिरा तिथल्या स्टँडवरून फोन आला. एसटीच्या खाकी कपड्यातल्या एका माणसानं त्याच्या खिशातलं कार्ड वाचलं, माझा नंबर. दत्ताच्या पिकअपमधून गेलो. मागं शेळ्यांच्या लेंड्या, पुढं आम्ही दोघं. वाटभर मी तोंड उघडलं की दत्ता गिअर बदलायचा.

बाकावर बसलेला होता. ताठ. उतरला त्या जागेसमोरच्या पहिल्याच बाकावर. लोकांनी पाणी दिलं, बिस्कीट दिलं, औंढ्याच्या गाडीत बसवून देतो म्हणाले, पोलीस येऊन गेला. कुणाचंच ऐकलं नाही म्हणे. हात धरला तर बाक घट्ट धरायचा. पँट ओली होती. जागचं हलायचं नाही, मीच सांगितलं होतं ना. उतरल्यापासून हलला नाही.

दत्तानं त्याला उचलूनच गाडीत घातलं. स्वतःचा शर्ट काढून त्याच्या कमरेला गुंडाळला. औंढ्यात मला उतरवताना म्हणाला, “आता बास, ताई.”

चूक उघड आहे. मैदानात विजेचे खांब दोन. मी एक दाखवला. दुसऱ्याशी वसमतची गाडी लागते. माझं डोकं कुठं होतं?

१८ फेब्रुवारी, बुधवार

चाचांशी भांडले. नको होतं भांडायला, पण भांडले. कारण त्यांनी पाहिलं होतं. मारोती वसमतच्या गाडीत चढताना चाचांनी समोरून पाहिलं होतं. मैदानातच त्यांनी जत्रेपुरती टपरी लावलीय; परवा मी शोधत आले तेव्हा ते नेमके दूध आणायला गेलेले. त्यांनी स्वतःच सांगितलं मला, पडलेल्या तोंडानं. म्हणजे तुम्ही बघत राहिलात? म्हटलं, एक हाक मारता आली नाही? माणूस डोळ्यांदेखत चुकीच्या गाडीत चढतो आणि तुम्ही चहा गाळत बसता?

चाचांनी किटली खाली ठेवली. “तुमनेच बोला था, मॅडम. हात जोड के.”

आजूबाजूला गिऱ्हाईकं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी पर्स उचलली आणि निघून आले. चहा तसाच राहिला.

मला राग आलाय. चाचांचा, फळवाटपवाल्यांचा, विजेच्या खांबाचा. संध्याकाळपर्यंत कुणाकुणाचा राग आला ते मोजत बसले आणि शेवटी मोजणं सोडून दिलं, कारण फिरून फिरून मीच येत होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

त्याच्या गावी गेले. दत्ता अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. लातूरला हो म्हणून कळवलंय, म्हणाला. अठ्ठावीसला न्यायचं. गयाबाई चुलीपाशी. माझ्याकडं बघितलं नाही.

मारोती आत, भिंतीकडं तोंड करून. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिला तसाच. मी त्याच्या पाठीशी जमिनीवर बसले. बोलत राहिले. खांब दोन होते, माझी चूक झाली, तू नाही चुकलास, तू बराबर गेलास, खांबापाशी गेलास. मी पुन्हा खांबाचं काढलं. मला तरी दुसरं काय येतंय.

भिंतीकडं बघतच मारोती म्हणाला, “खांब न्हाई.”

मग काय?

“ती बाई बोलली.”

कोण बाई? तर वसमतच्या गाडीतली कुणी. जत्रेला आलेली. दारात उभ्या असलेल्या मारोतीला ती म्हणाली, ये बाबा, ये, बस हितं. म्हणून चढला. आपली गाडी नव्हे हे त्याला माहीत होतं. मी दोनदा विचारलं. माहीत होतं. तरी चढला, कारण ती बोलली.

मग वळला माझ्याकडं. कपाळाला भिंतीचा चुना लागलेला. म्हणाला, “ताई, म्या काय केलं व्हतं?”

कधी?

“चाचा बोलंना. कंडक्टर बाई बोलंना. मंदामावशी मला पाहून तोंड खाली घालायली. सगळे काहून रुसले?” आणि मग, “रोज जाऊन पाह्यलं म्या. आज बोलतेत का, आज बोलतेत का.”

मला वाटत होतं तो रोज बस ओळखायला शिकतोय.

महिनाभर तो चुकला नाही, कुठं थांबला नाही, इकडंतिकडं बघितलं नाही. मी नोंद केली, प्रगती उत्तम. आणि तो रोज एवढ्या माणसांतून, सगळ्यांनी टाकलेला असल्यासारखा, मान खाली घालून येत होता. आणि तरी येत होता. कुणावर चिडला नाही. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून.

सांगितलं त्याला. मीच सांगितलं होतं त्यांना, बोलू नका म्हणून. तुला शिकता यावं म्हणून. तो बघत राहिला. त्याला कळलं का, मला माहीत नाही. “काहून?” एवढंच म्हणाला. याला उत्तर होतं माझ्याकडं, मी ते सगळ्या स्टँडला पटवून दिलं होतं. त्याला देता येईना.

दारात दत्ता उभा होता, हातात पाला. किती ऐकलं कोण जाणे. परत शेळ्यांकडं गेला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गाड्या पुन्हा स्टँडात लागायला लागल्या. मारोती काय म्हणाला ते आधी मंदाबाईला सांगितलं, आणि आता बोला म्हटलं. ती पदर तोंडाला लावून बसली, मग म्हणाली, लई अवघड गेलं व्हतं ताई तोंड फिरवायला, पर तुमी सांगितलं म्हून. वैशाली म्हणाली, मॅडम, एक काय ते ठरवा. बोला, नका बोलू, आमी काय समजावं? बरोबर आहे तिचं. तरी माझं डोकं फिरलं. मदत करू नका आणि बोला, यात न समजण्यासारखं काय आहे? तिनं विचारलं, “म्हंजी कसं?” आणि मी तिथं उभ्या उभ्या दहा मिनिटं समजावलं, बस सुटायला उशीर झाला, पाशिंजर शिव्या द्यायला लागले.

चाचांकडं शेवटी गेले. माफी मागितली. ते म्हणाले, छोडो मॅडम. चहाचं विचारलं नाही.

केंद्रात सगळे विचारतात, मारोती कुठाय. गणपतनं चटया पसरल्या, गुंडाळल्या नाहीत. मारोती येऊन गुंडाळेल, म्हणाला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दत्ताला फोन. उचलला नाही. पुन्हा. नाही. गयाबाईंना केला. पिशवी भरून ठेवलीय म्हणाल्या. टॉवेल, दोन शर्ट, डब्यात लाडू. “त्यो इचारते, कुटं जायचं. म्या म्हनलं, दादाला इचार. दादा काई बोलत न्हाई.”

माझ्या बाजूनं बोलायला काय उरलंय? एकट्याला येईल, हे मी सिद्ध करून दाखवलं. आणि एकटं केलं की काय होतं, तेही.

आज आणखी एक केक आला होता. मी दारातूनच परत पाठवला. रेखा घाबरली. देणगीदार रागावले. रागावू दे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दत्ताचा फोन, आपणहून. उद्या सकाळच्या गाडीनं येतो, म्हणाला. पिकअपनं नाही, एसटीनं, मारोतीच्या शेजारी बसून. “पाहतो काय बोलतेत, कोन बोलते. पिशवी संगं आनतो. लातूरची गाडी तिथूनच पकडायची का परत गावाला, ते तिथंच पाहू.”

मी विचारलं, तुझं मन काय म्हणतं. तो म्हणाला, मन काय, आई थकली ताई. मग, मारोती चार दिवस झाले सारखा एकच विचारतो म्हणाला, चाचा बोलतील का.

मी फोन ठेवल्यावर सगळ्यांना निरोप द्यायला निघाले होते. उद्या बोला हं, नक्की बोला, नीट बोला. अर्ध्या वाटेतून परत फिरले. पुन्हा सगळ्यांना शिकवत सुटले असते.

२८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी, स्टँडवर

बस यायची आहे. बाकावर बसून लिहितेय, म्हणजे हाताला काहीतरी काम राहील. मंदाबाई परडी नीट लावतेय, पुन्हा पुन्हा.

मी काही सांगितलं नव्हतं, पण वैशालीनं गाडीतून सगळ्यांना फोन केलेला दिसतोय: मारोती आज गाडीत आहे, सोबत भाऊ आहे, पिशवी आहे. चाचा माझ्याकडं आले. “अब बोलूं ना, मॅडम?” मला काय विचारता, बोला, म्हटलं. गेले. दुधाला उकळी आली, ते खाली ठेवून पुन्हा आले. “क्या बोलूं?”

चिडले मी. इतकी वर्षं काय बोलत होता? तेच बोला. चाचा मान खाजवत उभे राहिले. म्हणाले, “तब सोच के थोडी बोलता था.”

गाडी आत वळली. आतल्या बाजूला दत्ता, मांडीवर पिशवी. खिडकीशी मारोती, काचेला नाक लावून टपरीकडं बघतोय. चाचा हातातला कप तसाच धरून पुढं गेले.